दामू सावेची गाडी

दामोदर सावे वारला तेव्हा गावच्या समाजहॉलमध्ये शोकसभा झाली. शिस्तीचा माणूस गेला, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. विजयाताईंनी दोन शब्द बोलावेत, भाऊंची गाडी इतकी वर्षं त्यांच्याच गॅरेजला येत होती. मी उठले, "मला जमणार नाही," म्हटलं आणि चपला घालून घरी आले. लोकांना वाटलं, हिला दाटून आलं. दाटूनबिटून काही आलं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची ती जागा नव्हती.

म्हणून आता लिहितेय. गावात सगळे त्याला दामूभाऊ म्हणायचे, अहोजाहो करायचे. तोंडावर मीही करत आले. इथे करणार नाही.

शिरगावात आमची आणि त्याची वाडी शेजारीशेजारी, मध्ये नुसतं मेंदीचं कुंपण. आमचं गॅरेज पालघरहून बोईसरला जाताना रस्त्याला लागूनच आहे. माझा नवरा सुरेश गाड्यांचं काम बघतो, मी गिऱ्हाइकं आणि सुटे भाग बघते. त्यामुळे दामू सावे मला घरीही दिसायचा आणि कामावरही. सुटका नव्हती.

तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात तो मेंटेनन्सला मोठ्या जागेवर होता. रिटायर होताना तिथल्याच एका साहेबाची परदेशी बनावटीची गाडी त्याने घेतली. काळी, उंच, चारही चाकांना ताकद जाणारी. अशा गाडीत एरवी पुढचीच चाकं ओढत असतात. ती घसरायला लागली, की मागच्या एक्सेलजवळ बसवलेलं एक कपलिंग कामाला लागतं. त्याच्यातल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागची चाकंही जोर लावू लागतात. या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. ते तेल वेळेवर बदललं नाही, तर चकत्यांची झीज त्यात साठत जाते, दाब देणाऱ्या छोट्या पंपाची जाळी तुंबते आणि एक दिवस मागची चाकं नुसती पुढच्यांच्या मागून फिरत येतात, जोर लावत नाहीत. चालवणाऱ्याला याचा पत्ता नसतो, कारण डांबरावर पुढची चाकं ओढतच असतात. कळतं ते चिखलात गेल्यावर.

हे सगळं मला माझ्या नवऱ्याने सांगितलेलं नाही. दामू सावेने सांगितलं, आमच्याच गॅरेजात, दुसऱ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि शेवटी म्हणाला, "एवढंही माहीत नसेल तर गल्ल्यावर बसू नये माणसाने."

तो यायचा तेव्हा सोबत घडीची खुर्ची घेऊन यायचा. आमच्या खुर्च्यांना तेलाचे डाग असतात म्हणे. रॅम्पच्या शेजारी खुर्ची मांडायची, मांडीवर टॉर्च, पायाशी पिशवी. पिशवीत स्वतःचं सीलबंद तेल आणि एक रिकामी लोणच्याची बरणी. जुनं तेल आमच्या घमेल्यात सांडू द्यायचं नाही, त्या बरणीतच धरायचं. मग बरणी उन्हात धरून बघायचा, झाकण काढून वास घ्यायचा, बोटावर थेंब घेऊन अंगठ्याने चोळायचा. तेवढा वेळ गॅरेजातली कामं थांबलेली असायची, कारण मध्येच कुणी पाना आपटला तर तो म्हणायचा, "जरा शांतता."

त्याचं एक वाक्य होतं. "आधी भरायचा नट, मग सांडायचा." म्हणजे तेल भरायच्या तोंडाचा नट सुटतोय याची खात्री करून मगच खालचा सोडायचा, नाहीतर जुनं तेल गेलेलं आणि नवं भरायला वाट नाही, अशी पंचाईत होते. बरोबरच आहे. पण सुरेश वीस वर्षं हेच काम करत होता. त्याला दरवेळी, हात नटाला लागायच्या आत, हे ऐकावं लागायचं. एकदा सुरेश म्हणाला, "भाऊ, आता पाठ झालं." तर दामू सावे म्हणाला, "पाठ झालं असेल, पण समजलं आहे का?"

काम झालं, की तो गाडीखाली वाकून प्रत्येक नटावर नेलपॉलिशने लाल रेघ ओढायचा. अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट कुणी फिरवला तर रेघ तुटलेली दिसावी. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण ती बाटली बघून मला दरवेळी सुमनकाकू आठवायची. सुमनकाकू म्हणजे त्याची बायको. उभ्या आयुष्यात तिच्या नखांना रंग लागलेला मी बघितला नाही. त्या घरात नेलपॉलिश आलं ते गाडीसाठी.

काकू गाडीत मागे बसायची. पुढच्या सीटवर त्याची फाइल आणि पाण्याची बाटली असायची. मागच्या सीटवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर काकू, पाय धुऊन. लग्नाला, बाराव्याला, दवाखान्यात, कुठेही जायचं तरी हेच. मी एकदा विचारलं, "काकू, पुढे का नाय बसत?" ती म्हणाली, "पुढं बसलं का ते शिकवतात ग. रस्ता कसा बघायचा ते." एवढं बोलून हसली आणि कुंपणावरून हात घालून मला अळूची पानं दिली.

आता त्या जाळीची गोष्ट. कंपनीच्या तक्त्यात कपलिंगचं तेल बदला एवढंच लिहिलेलं असतं, पंप काढून जाळी धुवा असं नसतं. पहिल्या सर्व्हिसला सुरेशने तेल बदललं आणि हात पुसायला लागला. दामू सावे खुर्चीतून उठला.

"पंप?"

"पंपाला काय झालंय? तक्त्यात नाय तो."

"तक्ता चोरांसाठी असतो. ज्यांना काम टाळायचंय त्यांच्यासाठी."

त्या वेळी गॅरेजात बोईसरच्या कारखान्यांचे दोन ड्रायव्हर गाड्या घेऊन उभे होते. सुरेशचं तोंड लाल झालं. तो परत खाली गेला, पंप काढला. जाळी काळ्या गाळाने बरबटलेली होती, बोटाने खरवडली तर साय निघावी तशी निघाली. दामू सावेने ती जाळी हातात घेतली आणि त्या दोन ड्रायव्हरांना दाखवली. आम्हाला नाही, त्यांना. "बघा. हे राहणार होतं आत."

त्याला कळत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चुकत असता तर हसून सोडून दिला असता. तो बरोबर असायचा आणि ते बरोबर असणं समोरच्याच्या तोंडावर फेकायचा. पुढे कितीतरी दिवस पेट्रोल पंपावर, बँकेत, मासळीबाजारात तो सांगत फिरला की, सुरेशकडे गाडी द्या, पण समोर उभे राहा. ते ऐकून आमची काही गिऱ्हाइकं तुटली.

सुरेश मात्र चिडून चिडून शेवटी म्हणायचा, "माणूस हरामी हाय, विजू. पण गाडी बघ कशी ठेवलीय." दुसऱ्यांच्या गाड्यांतून निघणारं तेल डांबरासारखं असायचं. याच्या गाडीतून चहासारखं निघायचं. मेकॅनिक लोकांचं असं असतं. स्वच्छ गाडी दिसली, की त्यांना मालक दिसत नाही.

मला मात्र मालकच दिसायचा. आणि महादूचं झालं त्यानंतर तर दुसरं काही दिसेनाच.

महादू आमच्याकडचा जुना मेकॅनिक. विक्रमगडकडच्या पाड्यावरचा, चार महिने घरची भातशेती, बाकी वर्षभर आमच्याकडे. तिथे बायको, मुलं, म्हातारी आई. बोलायला कमी, हाताला हलका. एका सर्व्हिसच्या वेळी सुरेश मुंबईला गेला होता म्हणून कपलिंगचं तेल महादूने बदललं. दामू सावे अर्थातच खुर्ची टाकून बसलेला. तेल त्याचं, वॉशरही त्यानेच पिशवीतून काढून दिलेला. महादूने तोच लावला, नट आवळला, लाल रेघ ओढून झाली, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुंपणापलीकडून त्याचा आवाज आला. त्याने निरोप पाठवून महादूला वाडीवर बोलावून घेतलं होतं. गाडी पडवीसमोरच्या फरशीवर उभी होती आणि फरशीवर तेलाचा एक डाग पडलेला, रुपयाएवढा.

"हे काय आहे?"

"तेल हाय, भाऊ."

"माझ्या फरशीवर का आहे?"

"मी नट घट केला होता, भाऊ. बघतो परत."

"आधी पुसून काढ."

महादूने इकडेतिकडे फडकं शोधलं. काकू आतून फडकं घेऊन आली, तर दामू सावेने हात आडवा केला. "फडकं नाही. शर्टाने पूस. म्हणजे लक्षात राहील."

मी कुंपणाशी पोचेपर्यंत महादूने शर्ट काढला होता. मी ओरडले, "महादू, नको." त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. उकिडवा बसून त्याने तो डाग पुसला, शर्ट घडी करून काखेत धरला आणि उघड्या अंगाने फाटकाबाहेर गेला. काकू फडकं हातात घेऊन तशीच उभी होती.

सुरेश आल्यावर तडक गेला, गाडीखाली शिरला. नट घट्टच होता. वॉशर जुना होता, एकदा दबून चपटा झालेला, तो पुन्हा बसत नाही. नवा वॉशर दामू सावेने पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला होता. पिशवीतच होता. सुरेशने दोन्ही वॉशर त्याच्या तळहातावर ठेवले. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

तो म्हणाला, "मग त्याने मला सांगायला नको?"

महादू परत आला नाही. आता कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात तो पोती भरायच्या कामाला आहे. सुरेश दोनदा जाऊन आला. महादू चहा पाजतो, मुलांचं सांगतो, आणि गॅरेजचं नाव निघालं की कप उचलून आत जातो. पाना पुन्हा हातात धरला नाही त्याने.

त्यानंतर सुरेशने सावेची गाडी घेणं बंद केलं. दामू सावे वसईला मोठ्या शोरूममध्ये गेला. तिथे त्याला काचेपलीकडे बसवलं, गाडीजवळ येऊ दिलं नाही. तो तिथेही भांडला आणि एके सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खुर्चीसकट आमच्या दारात उभा राहिला. सुरेशने गाडी आत घेतली. मी त्या दिवशी सुरेशशी बोलले नाही.

एवढं सगळं करून ही गाडी तो चालवायचा कुठे? घर ते पालघर, पालघर ते बोईसर. सगळं डांबर. खड्डा आला तर खाली उतरून बघायचा. संध्याकाळी मात्र तो गाडी घेऊन गावच्या किल्ल्यामागे समुद्रावर जायचा, सुरूच्या बनाशी पक्क्या जागेवर लावायचा आणि पुळणीकडे तोंड करून उभा राहायचा. रविवारी बाहेरची माणसं हौसेने गाड्या वाळूत घालतात आणि रुततात. ते बघायला.

एकदा आम्हीही तिथे होतो. बोईसरच्या कारखान्यात काम करणारं उत्तरेकडचं एक कुटुंब आलेलं. त्यांची लहान गाडी ओल्या वाळूत बसली आणि भरती सुरू झाली. नवरा मागून ढकलतोय, बायको मुलांचे कपडे, डबे बाहेर काढतेय. नवरा धावत दामू सावेकडे आला.

"अंकल, आपकी गाड़ी तो फोर बाय फोर है। रस्सी है मेरे पास। ज़रा खींच दीजिए।"

"रेत में डालने से पहले मुझसे पूछा था?"

"गलती हो गई, अंकल। पानी आ रहा है।"

"तो आएगा ही। समंदर है।"

आणि हात मागे बांधून तो बघत राहिला. पाणी दाराला लागलं तेव्हा सातपाटीचा मासळीचा एक टेम्पो वरच्या रस्त्याने चालला होता. त्यातली पोरं उतरली, गावातून ट्रॅक्टर आला, सगळ्यांनी मिळून गाडी ओढली. दामू सावेने घड्याळ बघितलं आणि मागच्या सीटवर बसलेल्या काकूला म्हणाला, "बघितलंस? कपलिंगवर असा भार टाकायचा नसतो."

पुढचं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून ते नीट सांगते.

काशी आणि तिचा नवरा लखमा सावेच्या वाडीतच मागच्या बाजूला खोपट बांधून राहायचे. वाडीचं सगळं काम त्यांच्यावर. पाटाचं पाणी, गवत, नारळ, आणि गाडी धुवायला विहिरीचं पाणी शेंदणंही. आषाढातला दिवस होता, अमावस्येचं उधाण आणि वर पाऊस. आमच्या आळीतून बाहेर पडायचा रस्ता खाडीच्या पाण्याखाली गेला होता. सुरेश सकाळीच स्कूटरने गॅरेजला गेला तो तिकडेच अडकला. दुपारी लखमा कुंपणातून घुसून माझ्या दारात आला. नुसतं म्हणाला, "काशीला... घोणस."

मी धावले. काशी पडवीच्या पायरीवर बसली होती. गवत काढताना घोणस घोट्यावर डसली होती. पाय बघता बघता सुजत चालला होता आणि दातांच्या जागेतून रक्त थांबत नव्हतं. काकू तिच्या पाठीशी बसून तिला धरून होती. "पाय हलवू नको, काशी. आजिबात हलवू नको."

दामू सावे पडवीत उभा होता.

"भाऊ, गाडी काढा."

"अॅम्ब्युलन्सला फोन करा. त्यासाठीच ठेवलीय."

"केला. ती दुसरीकडे गेलीय. आणि आली तरी या पाण्यातून आत येणार कशी?"

"मग मी कसा जाणार?"

"मागच्या वाटेने. खाजणाच्या बांधावरून वर डांबरी रस्त्याला."

मागची वाट म्हणजे खाजणाच्या, खाडीलगतच्या दलदलीच्या, कडेने गेलेला मातीचा बांध. पावसाळ्यात तिथे बैलगाडीसुद्धा कुणी घालत नाही. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला खाजणात चढलेलं पाणी. लखमा घोंगडीची झोळी करायला लागला होता. त्या झोळीतून काशीला डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं आणि तिथे कुणी वाहनवाला भेटेल म्हणून थांबायचं. काशीचा पाय तेवढं थांबणार नव्हता.

"त्या बांधावर गाडी मध्येच बसली तर?" दामू सावे म्हणाला. "भरतीचं पाणी आत जाईल. खालून सगळा चिखल. कपलिंगवर पूर्ण भार येणार. तुला त्यातलं कळत नाही, विजया."

"नाही कळत. पण मग ते कपलिंग आहे कशासाठी?"

"वेळेला हाताशी असावं म्हणून."

तो हे मस्करीत बोलला नाही. अगदी मनापासून बोलला. काशी कण्हत होती.

काकू उठली. आत गेली आणि किल्ली घेऊन बाहेर आली. तो म्हणाला, "सुमन, किल्ली ठेव." तिने ऐकलं न ऐकलं काही कळलं नाही. तिने मागचं दार उघडलं, सीटवरची वर्तमानपत्रं दोन्ही हातांनी ओढून फरशीवर टाकली आणि लखमाला म्हणाली, "तिला आडवी घाल. तू तिच्या उशाशी बस. पाय खाली लोंबू देऊ नको." मग पुढे जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

मला तोवर माहीत नव्हतं, की तिला गाडी येते. मी पुढच्या सीटवरची फाइल पायाशी टाकली आणि बसले.

दामू सावे मागच्या फाटकात जाऊन उभा राहिला. पावसात, दोन्ही हात आडवे करून. काकूने गाडी सुरू केली, गाडीने दोनदा आचके खाल्ले, मग काकूने ती सावकाश फाटकापर्यंत आणली. काच खाली केली.

"बाजूला व्हा."

"तुला वेड लागलंय."

क्लचवरचा पाय हळूहळू सोडत तिने गाडी इंच इंच पुढे घेतली. बंपर त्याच्या गुडघ्यांना लागला. त्याचा लेंगा बंपरला चिकटलेला मला काचेतून दिसत होता. त्याने तिच्याकडे बघितलं. मग तो बाजूला झाला.

बांधावर अर्ध्या वाटेत पुढची चाकं घसरली. गाडीचं तोंड खाजणाच्या पाण्याकडे वळलं आणि आम्ही आडवे सरकायला लागलो. मी देवाचं नाव घेतलं. काकूने स्टेअरिंग सरळ धरलं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही, दाबलाही नाही, होता तसा ठेवला. तेवढ्यात मागून जोर आला. मला तो पाठीत कळला. पाच-सहा माणसांनी एकदम खांदा लावावा तसा. गाडी सरळ झाली आणि चिखल उडवत बांध चढून गेली.

आता हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहायला हवं. ती गाडी वर चढली ती दामू सावेमुळे. त्याच्या बरणीमुळे, त्याच्या जाळीमुळे, त्याने सुरेशला चोर म्हटलं त्यामुळे. दुसऱ्या कुणाची असती तर मागची चाकं कधीच गप्प झाली असती आणि आम्ही चौघं खाजणात गेलो असतो. हे खरं आहे. आणि तो फाटकात हात पसरून उभा होता, हेही खरं आहे. यातलं एक दुसऱ्याने पुसलं जात नाही.

डांबरी रस्त्याला लागल्यावर काकू बोलायला लागली. पालघर येईपर्यंत तिचं बोलणं थांबलं नाही. केळव्याला तिच्या वडलांचे पानमळे होते. एक जुनी जीप होती. पानाच्या करंड्या स्टेशनात पोचवायच्या असायच्या. वडील आजारी पडले की ही न्यायची. "लग्नानंतर कधी कुणी इचारलंच नाय, मला काय येतं ते," ती म्हणाली आणि लगेच मागे वळून, "काशी, जागी राहा ग. लखमा, तिला बोलती ठेव."

पालघरच्या सरकारी दवाखान्यात काशीला इंजेक्शनं मिळाली. वेळेत आणलं म्हणाले. ती जगली. पायाचं मांस बरंच गेलं, तो पाय ती आता ओढत चालते.

दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर दामू सावे गाडी घेऊन गॅरेजात आला. खुर्ची मांडली. सगळं उघडायला लावलं, तेल, पंप, जाळी. बरणी उन्हात धरली. तेल नेहमीपेक्षा थोडं काळपट होतं.

"बघ," तो सुरेशला म्हणाला, "एका फेरीत बाईने काय केलं."

मी गल्ल्यावरून म्हटलं, "काशी वाचली, भाऊ."

"कळलं मला," तो म्हणाला, आणि गाडीच्या पोटावर पुन्हा एकदा पाणी मारायला सांगितलं.

काशीची खबर गावात पसरली आणि लोक दामू सावेला येताजाता हात जोडायला लागले. गाडी त्याची, तेव्हा पाठवली त्यानेच असणार. पहिल्यांदा तो नुसता मान हलवायचा. मग चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, "मी म्हटलं, घे गाडी. माणसाचा जीव आधी." गणपतीत मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. संध्याकाळच्या आरतीनंतर शाल, श्रीफळ. दामू सावे माइकसमोर उभा राहिला आणि कपलिंगवर बोलला. तेल वेळेवर का बदलावं, जाळी का धुवावी, मेकॅनिकवर विश्वास का ठेवू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी क्षणाचाही विचार न करता मी किल्ली दिली."

मी उठले. माझ्या शेजारी बसलेल्या काकूने माझा पदर धरून खाली ओढला.

"बस."

"काकू, तो धडधडीत..."

"बस ग. घरी त्याच्याबरोबर मला राहायचंय."

मी बसले. पलीकडे काशी पाय लांब करून बसली होती. ती स्टेजकडे बघत नव्हती, मांडवाच्या कनातीकडे बघत होती.

गेल्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. काकूने गाडी विकून टाकली, घेणारा नाशिकचा कुणी होता. मी म्हटलं, "ठेवायची ना, काकू. तुम्हाला येते चालवता." ती म्हणाली, "मला ती चालवायची नव्हतीच ग. त्या दिवशी लागली म्हणून चालवली." काशी आणि लखमा अजून तिच्याच वाडीत आहेत.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो दिसत होता, तो त्याच सत्काराच्या संध्याकाळचा. कार्यक्रम संपल्यावर मी सुरेशच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाले. आळीच्या तोंडाशी दामू सावेची गाडी आमच्या पुढे होती. तो एकटाच आत, खांद्यावर शाल तशीच. आणि गाडीच्या पुढे, दिव्यांच्या उजेडात, काकू आणि काशी रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. काकूने काशीचा दंड धरला होता. काशीचा पाय जेवढा उचलत होता तेवढंच त्या चालत होत्या.

त्याने हॉर्न दिला. दोघींपैकी कुणी वळून बघितलं नाही. त्याने परत दिला, लांब. आळीतल्या एकदोन घरांतून माणसं बाहेर आली. काशीने काकूला काहीतरी सांगितलं, काकू हसली, आणि दोघी चालत राहिल्या.

सुरेशने स्कूटर कडेने काढायला घेतली. जागा होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब," म्हटलं, "मागेच राहू."

हॉर्न बंद झाला. आळी संपेपर्यंत तो तसाच त्यांच्या मागून गेला. त्याच्या गाडीचे मागचे ब्रेकचे लाल दिवे पेटत होते, विझत होते, पुन्हा पेटत होते.